तापीत बांधलेल्या मोटरीच्या तराफ्याला पाण्याची ओढ किती बसते?

केळीवाला_रावेर (मंगळवार, रात्री ९:४०)

राम राम मंडळी.

शेत तापीच्या उजव्या काठाला, साडेचार एकर केळी. उन्हाळ्यात पाणी काठापासून लांब जातं, पावसाळ्यात पार बांधापर्यंत येतं, म्हणून काठावर मोटर न बसवता तीन वर्षांपूर्वी सहा बॅरलचा तराफा केला. दोनशे लिटरचे लोखंडी बॅरल, दोन-दोनच्या तीन ओळी, वर अँगलची चौकट, त्यावर साडेसात एचपीची मोटर. उन्हाळ्यात पात्र कोरडं असताना वरच्या अंगाला वाळूत लोखंडी खुंट खोल ठोकला आणि त्याला ३० फूट दोर बांधला. १२ मिलिमीटरचा प्लास्टिकचा दोर, गेल्या वर्षीचाच.

मागच्या आठवड्यात सातपुड्यात रात्रभर पाऊस झाला. आमच्याकडे एरवी दहा फूट पाणी असतं, ते सकाळपर्यंत चोवीस फुटांवर गेलं. गावात दवंडी झाली होती, पण रात्री मोटर काढायला नदीत उतरायची कोणाची छाती झाली नाही. सकाळी पुतण्या काठावर उभा होता. तो सांगतो, तराफ्याचं पुढचं तोंड आधी पाण्याखाली गेलं, पुढे केळीच्या खांबांचा आणि पऱ्हाट्यांचा ढीग अडकलेला होता, मग फट्‌ असा आवाज झाला आणि तराफा गेला. दोन किलोमीटर खाली बाभळीत सापडला. मोटर रिवाइंडिंगला दिली आहे.

आता प्रत्येक जण दोर जाड घे म्हणतो. किती जाड, ते कोणी सांगत नाही. वाहतं पाणी बांधलेल्या वस्तूला किती किलोने ओढतं याचा काही हिशोब असतो का? असेल तर मला तो समजून घ्यायचा आहे.

आबा_चोपडा (मंगळवार, रात्री १०:०५)

पूर उना आन तराफा गया, आसं आमना काठवर दर साल व्हस. मानूस वाचना हे मोठं. भाऊ, रात्री उतरला नाहीत ते फार चांगलं केलं. मोटर परत घेता येते.

हिशोब मला येत नाही. पण आमच्याकडे दोर नदीच्या तळाला कोणी बांधत नाही, काठावरच्या झाडालाच बांधतात. का, ते जाणकार सांगतील.

पाटचारी (बुधवार, सकाळी ७:१५)

केळीवाले भाऊ, हिशोब आहे आणि तो अवघड नाही. मी पाटबंधाऱ्याच्या कामात हयात घालवली, त्यामुळे सविस्तर लिहितो.

ओढ तीन गोष्टींवर ठरते: पाण्यासमोर आडवं आलेलं क्षेत्रफळ, वस्तूचा आकार आणि पाण्याचा वेग. किलोमध्ये मांडायचं तर असं:

ओढ = ५१ × आकाराचा गुणांक × क्षेत्रफळ (चौरस मीटर) × वेग × वेग (वेग सेकंदाला मीटरमध्ये)

यातला ५१ म्हणजे पाण्याच्या घनतेचा अर्धा भाग, किलोत आणलेला. सपाट फळी आडवी धरली तर गुणांक १.१ ते १.२, गोल खांबाला साधारण १, आणि नावेसारखं निमुळतं तोंड असेल तर त्याहून बराच कमी.

वेग दोनदा गुणला आहे, तिकडे लक्ष द्या. सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी एका चौरस मीटरच्या फळीला साठेक किलोने ढकलतं. वेग दुप्पट झाला की अडीचशे किलो, तिप्पट झाला की साडेपाचशे. लोक पाणी किती फूट चढलं ते बघतात. दोराच्या दृष्टीने आधी बघायचा तो वेग.

रावेर-यावलच्या माणसाला वादळाने आडवी झालेली केळी सांगायला नको. पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड आहे. त्यामुळे सेकंदाला एक मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाणारं पाणी, त्याच आकाराच्या वस्तूला ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्याइतकं ढकलतं. संथ दिसणाऱ्या तापीत एवढा जोर असतो.

तुमच्याकडे पुराच्या दिवशी वेग किती होता याचा काही अंदाज आहे का?

केळीवाला_रावेर (बुधवार, सकाळी ८:३०)

काका, फार बरं वाटलं वाचून. वेगाचा अंदाज असा देता येईल: महादेवाच्या देवळाच्या पायरीपासून आमच्या बाभळीपर्यंत टेपने ६० मीटर भरतात. पुतण्याने त्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ काढला आहे. त्यात एक ओंडका हे अंतर २० सेकंदांत कापतो.

पाटचारी (बुधवार, सकाळी ८:५०)

म्हणजे सेकंदाला ३ मीटर. पुतण्याने मोठंच काम केलं.

नदीतून किती पाणी जातंय ते काढायचं असेल तर पृष्ठभागाचा वेग ०.८५ ने गुणतात, कारण तळाशी पाणी हळू चालतं. पण तराफा पृष्ठभागावरच तरंगतो. त्याला ३ चाच मार बसतो, इथे कमी करायचं नाही.

व्हिडिओ नसेल तेव्हासाठी आणखी एक खूण सांगतो. पुलाच्या खांबाच्या वरच्या अंगाला पाणी किती चढतं ते पाहा. वेग १ असेल तर बोटभर, ५ सेंटिमीटर. २ असेल तर २० सेंटिमीटर, म्हणजे वीत. ३ असेल तर ४६, म्हणजे हातभर. मी नवीन लागलो तेव्हा एका जुन्या मुकादमाने हे मला बोटं धरून दाखवलं होतं. पुढे सूत्राने ताडून पाहिलं तर तंतोतंत जमलं.

भौतिकीचा_मास्तर (बुधवार, दुपारी १:२०)

पाटचारी सर, नम्र शंका. दर सेकंदाला फळीवर येणाऱ्या पाण्याचं वस्तुमान घनता × क्षेत्रफळ × वेग. त्याचा वेग फळीवर शून्य होतो. म्हणजे संवेगातला बदल घनता × क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग. यात ५१ च्या जागी १०२ येतात. तुमचं उत्तर निम्मं का येतं? वर्गात मी मुलांना असंच शिकवतो, म्हणून विचारतो.

गिरणामाय (बुधवार, दुपारी ३:४५)

मी सांगू का? स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि याच सत्रात पुलांचा विषय आहे.

सर, तुमचं गणित बरोबर आहे, पण ते धारेचं आहे. डिलिव्हरीच्या पाइपातून धार हौदाच्या भिंतीवर आदळते तेव्हा आलेलं सगळं पाणी भिंतीवर थांबतं आणि बाजूला फेकलं जातं. तिथे १०२ च धरायचे. नदीत फळी धरली की समोरचं सगळं पाणी तिच्यावर येऊन थांबत नाही. बरंचसं आधीच वाट बदलून कडेने निघून जातं. फळीच्या मागे भोवरे होतात, तिथला दाब कमी होतो आणि तीही ओढच असते. हे सगळं मिळून किती, ते नुसत्या विचाराने निघत नाही, प्रयोगाने मोजावं लागतं. आकाराचा गुणांक म्हणजे ते मोजलेलं उत्तर.

आपल्याकडे रस्त्यांच्या पुलांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची संहिता आहे, आयआरसी ६. तिच्यात खांबावरच्या प्रवाहाच्या दाबाला ५२ × के × वेगाचा वर्ग हेच सूत्र आहे. के म्हणजे आकार: चौकोनी तोंडाच्या खांबाला १.५, गोल तोंडाला ०.६६, आणि ३० अंशांपर्यंतच्या टोकदार तोंडाला ०.५. नुसतं तोंड टोकदार केलं की ओढ एक तृतीयांशावर येते. जुन्या दगडी पुलांच्या खांबांना वरच्या अंगाला त्रिकोणी नाक दिसतं, त्याचं एक कारण हेच. दुसरं कारण, त्या नाकावर कचरा अडकून राहत नाही.

भौतिकीचा_मास्तर (बुधवार, दुपारी ४:१०)

समजलं. "सगळं पाणी थांबत नाही" हीच मेख होती. उद्या नववीच्या वर्गात बादली आणि फळी घेऊन हे दाखवतो. ताई, मनापासून आभार.

गिरणामाय (बुधवार, रात्री ८:३०)

केळीवाले काका, तुमच्या तराफ्याचं गणित मांडून पाहिलं. चूक असेल तर पाटचारी सरांनी दुरुस्त करावं.

मोटर, चौकट आणि पाण्याने भरलेला पाइप मिळून ३५० किलो धरले. सहा रिकाम्या बॅरलचे साधारण ११०. एकूण ४६०. सहा बॅरल पूर्ण बुडाले तर १२०० किलो पेलतात, म्हणजे तुमचे बॅरल चाळीस टक्क्यांच्या आत-बाहेर बुडतात, सुमारे २४ सेंटिमीटर. पुढच्या ओळीची रुंदी १.७६ मीटर. पाण्यासमोरचं क्षेत्रफळ ०.४२ चौरस मीटर. गुणांक १ धरला तर ३ च्या वेगाला ओढ १९३ किलो. मागच्या ओळी आणि लोंबकळणारा पाइप धरून २५० म्हणू.

तुमचा दोर नवा असताना साधारण दोन टनांचा. गाठ मारली की ताकद जवळपास निम्म्यावर येते, शिवाय तो वर्षभर उन्हात होता. तरीही २५० किलोला तुटायला नको होता. म्हणून मला वाटतं, तो नुसत्या पाण्याने तुटलेला नाही.

पाटचारी (बुधवार, रात्री ९:५५)

ताई, गणित चोख आहे आणि शंकाही रास्त आहे. दोन गोष्टी राहिल्या, आणि पुतण्याने त्या दोन्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

पहिली, तोंड खाली जाणं. खुंट तळाला, दोर ३० फुटांचा. पाणी दहा फूट होतं तोवर दोर बऱ्यापैकी आडवा होता. पाणी २४ फूट झालं तेव्हा तोच दोर उभा झाला. ३० चा कर्ण, २४ ची उंची, म्हणजे पाया १८. पाणी तराफ्याला आडवं २५० किलोने ओढतंय, पण दोर तिरपा असल्याने त्यावर ताण येतो २५० × ३० ÷ १८, म्हणजे ४१७ किलो. आणि तराफ्याच्या तोंडाला खाली खेचणारं बळ २५० × २४ ÷ १८, म्हणजे ३३३ किलो. पुढच्या दोन बॅरलची शिल्लक तरंगण्याची ताकद अडीचशेच्या आसपास. तोंड बुडणारच. कचरा नसता तरी बुडालं असतं.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. काठावरच्या झाडाला बांधलेला लांब दोर पाणी चढलं तरी आडवाच राहतो. तळाचा दोर पाणी चढेल तसा तराफ्याला खाली खेचतो.

दुसरी गोष्ट ढिगाची. बाग कापली की केळीचे खांब नाल्यात टाकायची आपल्याकडे सवय आहे, आणि पहिल्या पुरात ते सगळे तापीत येतात. तीन मीटर रुंद आणि ०.९ मीटर खोल ढीग धरा. २.७ चौरस मीटर झाले, गुणांक १.२. तीनच्या वेगाला ओढ सुमारे १४८७ किलो. दोर तिरपा, म्हणून ताण जवळपास अडीच टन. गाठ मारलेला १२ चा दोर तिथे टिकणार नाही.

जाड दोर घेतला असता तर? दोर राहिला असता, पण खाली खेचणारं बळ दोन टनांच्या घरात गेलं असतं आणि मोटरीसकट तराफा तळाला बसला असता. दोर जाड करा हा सल्ला अपुरा आहे तो यामुळे.

पांझराकाठ (गुरुवार, सकाळी ९:००)

धुळ्याहून. थोडं विषयांतर होईल, पण विचारतोच. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना लोक मोटरसायकल घालतात, चालत जातात. हाच हिशोब माणसाला लावला तर काय येतं? माझ्या ओळखीतला एक मुलगा असा गेला, त्यामुळे हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

भौतिकीचा_मास्तर (गुरुवार, सकाळी १०:३०)

दादा, वाईट वाटलं. हिशोब मी करतो.

वेग २ धरू, फरशीवर तो सहज असतो. गुडघाभर पाण्यात दोन पाय मिळून ०.१२ चौरस मीटर, ओढ २७ किलो. पायाखाली शेवाळलेलं काँक्रीट असेल तर एवढ्यावरही पाय सरकतो. कमरेच्या जरा खाली पाणी आलं, ०.९ मीटर, की क्षेत्रफळ ०.३ होतं आणि ओढ ६७ किलो. त्याच वेळी पाणी माणसाला उचलतही असतं. ६० किलोच्या माणसाचा पायांवरचा भार तिथे निम्म्यावर येतो. तीस किलोने जमिनीला टेकलेल्या माणसाला ६७ किलोने ढकललं तर तो उभा राहू शकत नाही. कितीही पट्टीचा पोहणारा असो.

चारचाकीचंही तसंच. दोन फूट पाण्यात बहुतेक गाड्या तरंगायला लागतात, मग ढकलायला फार जोर लागत नाही. गाडी जड आहे म्हणून जाईल, हा समज चुकीचा आहे.

पांझराकाठ (गुरुवार, सकाळी १०:५०)

सर, हे आकडे फरशीजवळच्या टपरीवर लिहून लावतो. धन्यवाद.

नर्मदाकाठ_अक्राणी (गुरुवार, दुपारी १२:१५)

आमच्याकडे सरदार सरोवराच्या फुगवट्याचं पाणी आहे, तिथे बोटी बांधतात. प्रवाह जवळजवळ नसतो, बोटीला ओढतो तो वारा, त्यामुळे दोराची दिशा दिवसातून दोनदा बदलते. नांगर म्हणून काँक्रीटचा ठोकळा सोडतात, पण तो सरकतो. दोनशे किलोचा ठोकळा का सरकावा, हे मला कधी उमगलं नाही.

पाटचारी (गुरुवार, दुपारी २:००)

काँक्रीट पाण्यात वजन गमावतं. घनमीटरला २४०० किलोतले १००० पाणीच उचलतं. तुमचा २०० किलोचा ठोकळा पाण्याखाली ११७ किलोचा राहतो. वाळूवर सरकायला त्याच्या निम्मा जोर पुरतो, म्हणजे साठेक किलो. त्यातही दोर आखूड आणि उभा असेल तर तो ठोकळा उचलूनच धरतो, मग तेवढीही पकड राहत नाही. दोर खोलीच्या पाच-सात पट लांब सोडावा.

प्रवाहाच्या नदीत तर मोठ्या धोंड्यावरही भरवसा ठेवू नये. वेग दुप्पट झाला की पाणी पूर्वीच्या ६४ पट वजनाचा दगड हलवू शकतं. पांझरेवर फड पद्धतीचे जुने दगडी बंधारे शेकडो वर्षं उभे आहेत, ते दगडांच्या वजनावर नव्हे, खडकाचा पाया हेरून तिथे बांधले म्हणून. जागा निवडणाऱ्यांना नदी कळत होती.

केळीवाले भाऊ, आता तुमचं काम. माझ्या आणि ताईंच्या गणितात गुणांक अंदाजाने धरलेला आहे. तुमच्याकडे कापूस मोजायचा लटकता काटा असेल ना? तराफा दुरुस्त झाला की पाणी संथ असताना दोराच्या मध्ये तो काटा अडकवा आणि ओढ प्रत्यक्ष मोजा. त्याच वेळी नारळ सोडून वेग मोजा. मग ओढ भागिले ५१ भागिले वेगाचा वर्ग, एवढं काढा. येणारा आकडा तुमच्या तराफ्याचा स्वतःचा. त्यावरून पुराची ओढ बसल्याजागी निघते. मोटर आली नसेल तर तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवा, नाहीतर बॅरल कमी बुडतील आणि आकडा खोटा येईल.

केळीवाला_रावेर (पुढचा रविवार, सायंकाळी ६:२०)

मंडळी, मोजलं.

काठाचं नाकाड जिथे पाण्यात घुसतं तिथल्या बाभळीला ४० मीटर दोर बांधला, तराफा सरळ खाली लागला. काटा बाभळीच्या बाजूला अडकवला, म्हणजे पाण्यात उतरायची गरज नाही. वर वाळूची पोती. नारळाला २० मीटर जायला २५ सेकंद लागले. तीनदा सोडला, तिन्ही वेळा जवळपास तेवढेच. वेग ०.८.

काट्याचा हात एका जागी थांबत नव्हता, १६ वरून २२ पर्यंत जायचा आणि परत यायचा. पुतण्या आणि मी दहा मिनिटं नुसते बघत बसलो. मधला आकडा १९ धरला. हाताने दोर धरून पाहिला तर भरलेली पाण्याची घागर लटकवावी तेवढी ओढ. १९ भागिले ५१ भागिले ०.६४, उत्तर ०.५८. ताईंनी नुसत्या बॅरलचे ०.४२ काढले होते, वरचे बहुधा मागच्या ओळी आणि पाइपाचे. ३ च्या वेगाला २६६ किलो येतात. अडीचशेचा अंदाज होता, इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

आता पुढे पत्र्याचं टोकदार नाक बसवतोय. दोर काठावरूनच. पण ढिगाचं काय करू?

पाटचारी (रविवार, रात्री ८:४५)

वा! काटा डोलतो तो भोवऱ्यांमुळे, मधला धरलात ते बरोबर.

ढिगासाठी दोन दोर ठेवा. रोजचा दोर मुख्य प्रवाहात, पण त्याच्यात एके ठिकाणी हातभर ८ मिलिमीटरचा तुकडा जोडा. गाठींसकट तो साधारण पाचशे किलोला तुटेल. स्वच्छ पुराच्या २६६ ला टिकेल, ढिगाच्या दीड टनाला आधी तोच जाईल. दुसरा दोर १६ मिलिमीटरचा नायलॉनचा, सैल, तराफ्याच्या काठाकडच्या कोपऱ्यातून वरच्याच बाभळीला. पहिला तुटला की तराफा या दोरावर झोके घेत काठाच्या संथ पाण्यात येतो आणि ढीग बहुतेक सुटून जातो. नायलॉन ताणला जातो, म्हणून हिसका सोसतो. डिलिव्हरीचा पाइपही तेवढा फिरू शकेल असा लवचीक ठेवा, स्टार्टर काठावरच हवा. आणि ढीग काढायला वाहत्या पाण्यात तराफ्यावर कोणी चढायचं नाही, ८ चा तुकडा तुटला तर तुटू द्या.

केळीवाला_रावेर (रविवार, रात्री ९:१०)

काका, ८ आणि १६ दोन्ही दोर उद्या भुसावळहून आणतो. पुतण्याला आकृती काढून दिली आहे. केळीचे खांब नाल्यात न टाकता बागेतच कुजवायचे, असं शेजारच्या चार शेतकऱ्यांशीही बोललो. तिघं तयार आहेत.

आबा_चोपडा (रविवार, रात्री ९:३०)

भाऊ, गाठी मारशी तवय माले फोन कर. मी येस दोर देखाले. नायलॉनची साधी गाठ ओली झाली की सुटते, ती कशी मारायची ते तुझ्या पुतण्याला शिकवतो.